‘मोजता आले नाही’ असे सांगणारे यंत्र हवे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कोथरूडमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहात गेल्या महिन्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत आरोग्य तपासणी शिबिर झाले. तिथे नाडी पाहण्यासाठी कुणी कुणाचे मनगट धरले नाही, बोटाला चिमटा लावला नाही की दंडाला पट्टा गुंडाळला नाही. टेबलावर एक टॅब्लेट उभा करून ठेवला होता. समोरच्या खुर्चीवर बसायचे, पडद्यावरच्या लंबगोलात आपला चेहरा नीट येतो आहे ना ते पाहायचे आणि १५ सेकंद स्थिर राहायचे, की दर मिनिटाला हृदयाचे किती ठोके पडतात तो आकडा पडद्यावर उमटत असे. तासाभरात चाळीसएक जणांची तपासणी उरकली आणि एकालाही आकडा मिळाल्याशिवाय परत जावे लागले नाही, असे आयोजकांनी समारोपात कौतुकाने सांगितले. मला नेमकी तीच गोष्ट खटकली आणि हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

मी तंत्रनिकेतनात तीस वर्षे इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांचे शास्त्र, हा विषय शिकवला. नव्या उपकरणाविषयी मला भीती वाटत नाही, उलट कुतूहलच वाटते, म्हणून मी रांगेत बसून बराच वेळ निरीक्षण करत होते. माझ्या पुढे आमच्या शेजारच्या काकू होत्या. वय ७८, चष्मा, चेहऱ्यावर हलकी पावडर, आणि बाजूच्या खिडकीतून सकाळचे ऊन थेट त्यांच्या उजव्या गालावर येत होते. त्या टॅब्लेट हाताळणाऱ्या मुलाशी अखंड बोलत होत्या, मान हलवत होत्या, एकदा तर मागे वळून त्यांनी मला पिशवी सांभाळायला सांगितली. तरीही पंधराव्या सेकंदाला आकडा आला: ६८. मी त्यांना बाजूला बसवले, “काकू, जरा हात द्या” म्हटले आणि घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत पूर्ण एक मिनिट त्यांची नाडी मोजली. ती ९४ भरली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ठोक्यांमध्ये कुठलाही ताल नव्हता. दोन घाईघाईने येत, मग एक रेंगाळे, मग पुन्हा तीन एकापाठोपाठ एक. काकू म्हणाल्या, “अगं, त्याने तर अडुसष्ट सांगितले. चांगले आहे म्हणाला.” त्याच आठवड्यात त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला तेव्हा एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, असल्याचे निदान झाले. या विकारात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून तो वेळेवर कळण्याला फार महत्त्व आहे.

शिबिरात त्या कंपनीचे ॲप सगळ्यांच्या फोनवर घ्यायला लावले होते. घरी आल्यावर मी ते उघडले आणि फोन भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या तसबिरीसमोर धरला. वडिलांना जाऊन आता २२ वर्षे झाली. ॲपने लंबगोलात त्यांचा चेहरा टिपला, उलटी गणती झाली आणि आकडा आला: ७४. मी पुन्हा केले, तेव्हा ७१ आला. त्या क्षणी मला जे वाटले ते शब्दांत नीट मांडता येणार नाही, पण शिक्षिका म्हणून एक गोष्ट स्वच्छ दिसली. हे साधन नाडी मोजत नव्हते, ते काहीही झाले तरी एक आकडा देत होते.

यावरून हे सारे तंत्रच भोंदूपणाचे आहे असा ग्रह कुणी करून घेऊ नये. तसे मुळीच नाही. किंबहुना त्यामागचे विज्ञान इतके सुंदर आहे की ते चुकीच्या पद्धतीने वापरले जाताना पाहून अधिक त्रास होतो. हृदयाचा प्रत्येक ठोका पडतो तेव्हा त्वचेखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत थोडे जास्त रक्त येते. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणावर शोषून घेते, त्यामुळे त्या क्षणी चेहऱ्यावरून परत येणारा हिरवा प्रकाश किंचित कमी होतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा वाढतो. प्रकाशाच्या साहाय्याने रक्ताची अशी भरती-ओहोटी टिपण्याची फोटोप्लेथिस्मोग्राफी ही पद्धत अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३७ च्या सुमारास मांडली. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याच तत्त्वावर पल्स ऑक्सिमीटरची कल्पना उभी केली, आणि करोनाच्या दिवसांत तेच उपकरण घरोघरी बोटाला लागले. पुढे २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हेरक्रूस, स्वासांड आणि नेल्सन या संशोधकांनी दाखवून दिले की त्यासाठी वेगळा दिवा किंवा चिमटाही लागत नाही. खोलीतला नेहमीचा उजेड आणि बाजारात मिळणारा साधा डिजिटल कॅमेरा एवढ्यावर चेहऱ्यातून नाडी वाचता येते, आणि ती हिरव्या रंगात सर्वांत ठळक असते. दोन वर्षांनी अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत मिंग-झेर पोह, डॅनियल मॅकडफ आणि रोझालिंड पिकार्ड यांनी लॅपटॉपच्या वेबकॅमवर तेच करून दाखवले. २०१२ मध्ये एमआयटीच्याच आणखी एका गटाने चित्रफितीतले हे बारीक बदल अनेक पटींनी फुगवून दाखवले, तेव्हा माणसाचा चेहरा प्रत्येक ठोक्यासरशी लाल होतो आणि पुन्हा फिकट होतो हे प्रथमच उघड्या डोळ्यांना दिसले.

हा बदल किती लहान असतो याची कल्पना आल्याशिवाय पुढचा मुद्दा पटणार नाही, म्हणून थोडा हिशेब मांडते. कॅमेरा प्रत्येक बिंदूचा हिरवेपणा ० ते २५५ या पायऱ्यांमध्ये नोंदवतो. गालावरच्या एखाद्या बिंदूची नोंद १२० असेल आणि ठोक्यामुळे होणारा बदल एक टक्क्याचा तिसरा हिस्सा असेल, तर तो भरतो ०.४, म्हणजे अर्ध्या पायरीहूनही कमी. एका बिंदूवरून तो कधीच कळणार नाही. मात्र गाल आणि कपाळ यांचे १०,००० बिंदू एकत्र घेऊन सरासरी काढली, तर कॅमेऱ्याची स्वतःची वेडीवाकडी खरखर शंभर पटींनी खाली येते आणि त्याखाली दडलेली लाट वर दिसू लागते. मिनिटाला ७२ ठोके म्हणजे सेकंदाला १.२, कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेत असेल तर एका ठोक्यात २५ चित्रे हाती येतात, आणि तेवढी लाट ओळखायला पुरेशी असतात. व्यक्ती शांत बसलेली असेल, उजेड भरपूर आणि एकसारखा असेल, चित्रफीत दाबून लहान केलेली नसेल, तर चांगल्या पद्धतीने काढलेला आकडा ईसीजीच्या अगदी जवळ जातो. हे अनेक प्रयोगशाळांनी दाखवले आहे आणि मला त्याबद्दल तिळमात्र शंका नाही.

याचा उपयोगही मोठा आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची कातडी इतकी नाजूक असते की चिकटवलेला सेन्सर काढताना तिचा पापुद्रा निघू शकतो. अशा बाळाची नाडी कॅमेऱ्याने दुरून पाहता आली तर ते वरदानच आहे, आणि ऑक्सफर्डमधील रुग्णालयात त्या दिशेने काम झालेले आहे. भाजलेल्या रुग्णाचे, डायलिसिसला चार-चार तास पडून राहणाऱ्याचे तसेच. म्हणून माझा आक्षेप कॅमेऱ्याला नाही.

आता तसबिरीच्या ७४ ठोक्यांकडे वळते. अशा सॉफ्टवेअरमध्ये साधारणपणे चेहऱ्याच्या रंगाची नोंद घेऊन ती एका चाळणीतून काढली जाते. माणसाची नाडी मिनिटाला ४२ ते २४० या दरम्यान असेल असे धरून सेकंदाला ०.७ ते ४ वेळा होणारे बदल ठेवले जातात आणि बाकीचे टाकून दिले जातात. उरलेल्या बदलांत ज्याचा जोर सर्वांत जास्त, म्हणजे आलेखात ज्याचे शिखर सर्वांत उंच, तो आकडा पडद्यावर येतो. या मांडणीत एक फार मोठी फट आहे. समोर नाडी असो वा नसो, उरलेल्यांपैकी कुठलेतरी शिखर सर्वांत उंच असणारच, आणि चाळणीच तशी असल्यामुळे ते माणसाच्या नाडीसारखेच दिसणार. हात थोडा थरथरतो, तसबिरीच्या काचेत पंख्याचे प्रतिबिंब हलते, खिडकीबाहेर झाडाची फांदी डोलते. यातले काहीही त्या शिखराला पुरते.

पंख्याचेच उदाहरण घेऊ, कारण आपल्या घरात वर्षाचे आठ महिने तो डोक्यावर फिरत असतो आणि परदेशातल्या प्रयोगशाळेत त्याचा विचार कुणी फारसा केलेला नसतो. समजा तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३२४ फेरे घेतो आहे. म्हणजे सेकंदाला ५.४ फेरे, आणि दिव्याच्या उजेडाआड सेकंदाला १६.२ वेळा पाते येते. फोन सेकंदाला १५ चित्रे घेत असेल, तर जुन्या चित्रपटात टांग्याची चाके कशी सावकाश किंवा उलटी फिरताना दिसतात, तसाच प्रकार इथे घडतो: १६.२ मधून १५ वजा जाऊन चेहऱ्यावरची सावली सेकंदाला १.२ वेळा येते असे फोनला वाटते. सेकंदाला १.२ म्हणजे मिनिटाला ७२. पंख्याची सावली आणि एका निरोगी माणसाची नाडी यांत त्या सॉफ्टवेअरला काडीचाही फरक दिसणार नाही.

हे अपरिहार्य आहे काय? नाही, आणि म्हणूनच मी हा विषय लावून धरते आहे. कपाळ, डावा गाल आणि उजवा गाल यांचे आकडे वेगवेगळे काढून ते जुळतात का हे पाहता येते. चेहऱ्यामागच्या भिंतीचाही रंग नोंदवून तिथे तीच लय सापडली तर ती दिव्याची किंवा पंख्याची आहे हे ओळखता येते. सर्वांत उंच शिखर बाकीच्यांपेक्षा किती उंच आहे हे पाहून ते विश्वासार्ह आहे की नाही ठरवता येते. रंगांच्या परस्परसंबंधांवरून हालचालीचा परिणाम वजा करण्याच्या पद्धती तर नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो फक्त एक निर्णय: सिग्नल, म्हणजे चेहऱ्यावरून मिळालेली ठोक्यांची लाट, चांगला नसेल तर आकडा न दाखवता ‘मोजता आले नाही’ असे लिहायचे.

हा निर्णय टाळण्याचा मोह कुठून येतो तेही मला समजते. शिबिरात चाळीसपैकी बारा जणांना ‘मोजता आले नाही’ असे उत्तर आले असते तर लोकांनी यंत्र बिघडले आहे असे म्हटले असते, आणि कंपनीला पुढच्या शिबिराचे निमंत्रण मिळाले नसते. पण मोजमापाच्या शास्त्रात नेमके उलटे मानतात. आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात सांगत असू की ज्या मीटरची सुई तार सुटलेली असतानाही काहीतरी दाखवते, तो मीटर बंद पडलेल्या मीटरहून वाईट. बंद मीटरवर कुणी विसंबत नाही.

आपल्याकडच्या लोकांना हे पटणार नाही असेही मी मानत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये पुण्यातल्या कितीतरी घरांत ऑक्सिमीटर होता. बोट गार असले, नखावर पॉलिश असली, चिमटा नीट बसला नसला की त्याच्या पडद्यावर आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा दिसत. कुणी शिकवले नव्हते, तरी आजी-आजोबांपासून सगळ्यांना कळले होते की रेघा आल्या म्हणजे हात चोळायचे, बोट बदलायचे आणि पुन्हा लावायचे. ९४ च्या खाली आकडा गेला की फोन उचलायचा, आणि रेघा आल्या की थांबून पुन्हा पाहायचे, हा फरक लोकांनी अचूक जाणला होता. त्या दोन रेघांनी किती जणांची उगाच होणारी धावपळ वाचवली असेल. चेहऱ्यावरून नाडी मोजणाऱ्या ॲपला त्या दोन रेघा का नसाव्यात?

काकूंच्या बाबतीत तर आकडा बरोबर आला असता तरी तो अपुराच ठरला असता. १५ सेकंदांच्या नोंदीतून साध्या पद्धतीने काढलेला आकडा मुळात चार-चार ठोक्यांच्या पायऱ्यांनीच सरकतो; ३० सेकंद घेतले तर दोन ठोक्यांच्या. त्यातही तो सरासरीचा असतो. ताल बिघडलेल्या हृदयाची सरासरी काढणे म्हणजे बिघाड झाकणे. शिवाय एट्रियल फिब्रिलेशनमध्ये काही ठोके इतके अशक्त असतात की ते मनगटापर्यंत किंवा चेहऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणूनच डॉक्टर अशा रुग्णाची नाडी एका हाताने आणि छातीवरचे ठोके स्टेथोस्कोपने एकाच वेळी मोजतात. हृदयगती दाखवणाऱ्या वैद्यकीय उपकरणांसाठी १० टक्के किंवा ५ ठोके, यांपैकी जे जास्त असेल तेवढी चूक चालेल अशी मर्यादा रूढ आहे. काकूंचे ६८ आणि ९४ हे आकडे त्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर होते. ते दोन्ही पाच मिनिटांच्या अंतराने, एकाच खोलीत, बसलेल्या अवस्थेत घेतलेले होते.

आणखी एक बाब, जी आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषते, त्यामुळे सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या चेहऱ्यावरून परत येणारा प्रकाश मुळातच कमी, आणि त्यातली ठोक्याची लाट आणखी दबलेली. हा निव्वळ तर्क नाही. ऑक्सिमीटरबाबत याच कारणाने काय घडले ते २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने उघड केले: ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात प्राणवायू धोकादायक पातळीपर्यंत कमी असण्याचे प्रमाण मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आढळले. ते उपकरण तेव्हा अनेक दशके वापरात होते. मग चेहऱ्यावरून मोजणाऱ्या, कालपरवा आलेल्या सॉफ्टवेअरची आपल्या वर्णावर कितीशी परीक्षा झाली असेल? या संशोधनात वारंवार वापरले जाणारे, चेहऱ्याच्या चित्रफितींचे खुले संच पाहिले तर जर्मनीतील ‘प्युअर’ १० व्यक्तींचा, फ्रान्समधील ‘यूबीएफसी’ ४२ चित्रफितींचा आणि चीनमधील ‘व्हीआयपीएल’ १०७ व्यक्तींचा आहे. आपल्या मंडईतला भाजीवाला, हडपसरची उन्हात रापलेली शेतकरी बाई, कुंकू आणि चष्मा लावलेल्या काकू, ट्यूबलाइट आणि पंख्याखालचा चेहरा यांतले काहीच त्यांत नाही.

पुण्यात हे काम करणे अवघड नाही. एकाच शहरात ससून रुग्णालय आणि त्याला जोडलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आहे, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे, ‘परम’ महासंगणक घडवणारे सी-डॅक आहे, विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. वेगवेगळ्या वर्णांचे, वयांचे आणि व्यवसायांचे काहीशे स्वयंसेवक, प्रत्येकाच्या छातीवर ईसीजी आणि समोर तीन-चार वेगवेगळ्या किमतींचे फोन, नैसर्गिक उजेडात आणि पंख्याखालच्या ट्यूबलाइटमध्ये घेतलेल्या नोंदी, असा एक संच येथे तयार झाला तर तो साऱ्या देशाच्या उपयोगी पडेल. आयुष्यभर ज्या विद्यार्थ्यांना शिकवले त्यांच्यातलेच कुणी हे करतील अशी मला मनापासून आशा आहे.

दूरध्वनीवरून व्हिडिओ कॉलने डॉक्टरांचा सल्ला घेण्याला केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढून मान्यता दिली. आता त्याच कॉलवर रुग्णाची नाडीही दिसेल असे कुणी सांगितले तर डॉक्टरांनी सावध असावे, कारण व्हिडिओ कॉलमध्ये चित्र पाठवताना ते दाबून लहान केले जाते आणि त्यात सर्वांत आधी बळी जातो तो डोळ्यांना न जाणवणाऱ्या बारीक रंगबदलांचा. नाडी नेमकी तिथेच असते.

कायद्याबद्दल थोडक्यात. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे आहेत, आणि फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचाही समावेश झाला. तरी अशी अनेक ॲप खालच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत ‘हे वैद्यकीय निदान नाही’ असे लिहून मोकळी होतात. आमच्या शिबिरातही ते वाक्य होते, पण ते वाचता येईल इतकी दृष्टी चाळीसपैकी किती जणांची होती? ज्या आकड्यावरून माणूस डॉक्टरांकडे जायचे की नाही ते ठरवतो, त्याला ‘निव्वळ माहिती’ म्हणून सोडून देणे योग्य नाही. अन्न व औषध प्रशासनाने निदान सार्वजनिक शिबिरांत वापरल्या जाणाऱ्या साधनांची तरी विचारपूस करावी.

संमतीचा प्रश्न मला त्याहूनही गंभीर वाटतो. ऑक्सिमीटरसाठी बोट पुढे करावे लागते. ते बोट पुढे करण्यातच माणूस होकार देत असतो. चेहरा मात्र सतत उघडाच असतो. मुलाखतीच्या व्हिडिओ कॉलवर, बँकेच्या काउंटरवर, कार्यालयाच्या दारावरच्या कॅमेऱ्यासमोर. ज्याची नाडी पाहिली जात आहे त्याला पत्ताही लागू न देता ती पाहण्याचा प्रयत्न करता येतो, आणि ‘स्पर्शाविना’ या शब्दाची ही दुसरी बाजू जाहिरातीत कधी येत नाही. युरोपीय संघाने नोकरीच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखू पाहणाऱ्या यंत्रणांवर वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा अपवाद सोडून २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली. आपल्याकडे हिंजवडीपासून खराडीपर्यंत हजारो मुले-मुली रोज कॅमेऱ्यासमोर बसून काम करतात. त्यांच्या चेहऱ्यावरून ‘ताण’ मोजण्याची सेवा उद्या कुणी विकायला आणली तर त्याआधीच हा विचार झालेला बरा.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि माहिती देऊन घेतलेली असावी असे स्पष्ट म्हटले आहे, आणि ती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला द्यावा असेही म्हटले आहे. मराठी त्या परिशिष्टात आहे. शिबिरात आमच्यापुढे आला तो इंग्रजीतला एक लांबलचक मजकूर आणि खाली एक चौकोन, आणि त्या मुलाने आमच्या वतीने सर्वांचे चौकोन स्वतःच भरून टाकले. चित्रफीत फोनवरच राहते की कुठे पाठवली जाते, किती दिवस ठेवली जाते, विमा कंपनीला दिली जाते का, हे मी त्याला विचारले. त्या बिचाऱ्याला नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. त्याला यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते आणि ते त्याला ठाऊक असावे अशी त्याच्या वरिष्ठांची अपेक्षाही नव्हती. त्याच्यावर माझा राग नाही.

आमच्या संस्थेत दिवाळीनंतर पुन्हा शिबिर घ्यायचे ठरले आहे आणि तीच कंपनी येणार आहे. मी पदाधिकाऱ्यांना लेखी पत्र दिले आहे की त्या दिवशी टॅब्लेटशेजारी बोटाचा ऑक्सिमीटर आणि रक्तदाबाचे यंत्र ठेवावे, प्रत्येकाचे तिन्ही आकडे एका वहीत शेजारी-शेजारी लिहावेत, संमतीचा मजकूर मराठीत छापून आधी वाचून दाखवावा, आणि कंपनीने सिग्नल खराब असताना आकडा दाखवणार नाही असे लिहून द्यावे. पहिल्या तीन गोष्टी पदाधिकाऱ्यांनी लगेच मान्य केल्या. चौथीबद्दल कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही. ते आले किंवा नाही आले तरी मी त्या दिवशी सकाळी नऊ वाजता टॅब्लेटच्या शेजारच्या खुर्चीवर सेकंदकाट्याचे घड्याळ घेऊन बसणार आहे, आणि ज्यांना हवे असेल त्यांची नाडी पूर्ण एक मिनिट मोजून देणार आहे. काकूंनी पहिला नंबर लावून ठेवला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंटेशन शिक्षिका
कोथरूड, पुणे